गोळी कशाबरोबर घेतेस? दिवस गेल्यावर घराची घडी बसवताना

पहिल्या खेपेला माझं हिमोग्लोबिन दोन महिने ९.४ वर अडकून बसलं होतं. बीट चालू, खजूर चालू, लोहाची गोळी तर सासूबाई रोज रात्री न चुकता हातावर ठेवायच्या. तरी आकडा हलेना. सातव्या महिन्यात उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी एकच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस?" म्हटलं, केशर घातलेल्या दुधाबरोबर. त्या हसल्या आणि कपाळाला हात लावला. दुधातलं कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. सासूबाईंची माया आणि सरकारची गोळी रोज रात्री एकाच पेल्यात एकमेकींना अडवत होत्या. दूध संध्याकाळी पाचला सरकवलं, गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर सुरू केली. पाच आठवड्यांनी १०.५ झालं.

तेव्हापासून कुणाला दिवस गेलेत असं कळलं की मी "काय खातेस" असं विचारत नाही, "कधी खातेस" असं विचारते. काय खावं ते सांगायला अख्खी गल्ली येते. पण घरातलं घड्याळ कुणी बघत नाही. डबे किती वाजता होतात, पाणी किती वाजता येतं, रात्रीचं जेवण किती वाजता उरकतं, यावर तुझे नऊ महिने कसे जाणार ते ठरतं. म्हणून हा लेख घरात काय आणि कोणत्या क्रमाने हलवायचं त्याचा आहे. वाचणारी माझ्या धाकट्या जावेच्या वयाची असेल असं धरून अगंतुगं करते. तुझ्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐक, तुझी फाइल त्यांच्यासमोर आहे.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर

शेवटची पाळी सुरू झाली ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात ठळक करून ठेव. डॉक्टरांचं सगळं गणित त्या तारखेपासून चालतं: २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. घरी काढायचं तर त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळव. पाळी १० जानेवारीची असेल तर प्रसूतीची अंदाजे तारीख १७ ऑक्टोबर. अंदाजेच हं. नेमकी त्याच दिवशी येणारी बाळं फार थोडी. पाळी अनियमित असेल तर पहिल्या सोनोग्राफीत मिळालेली तारीख धरायची.

इथे एक घोळ घरोघरी होतो. सासूबाई म्हणतात "सातवा लागला", डॉक्टर म्हणतात "२६ आठवडे झाले", आणि नवऱ्याला वाटतं सात महिने भरले. लागणं वेगळं, भरणं वेगळं. तपासण्या आठवड्यांवर ठरतात, म्हणून कॅलेंडरवर आठवडेच लिही. वरच्याच उदाहरणात पहिली महत्त्वाची सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. बाळाचे अवयव नीट बघणारी मोठी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत, जूनअखेर ते जुलैची २५ तारीख. त्या दिवशी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावं लागतं. तोंड वाकडं होईल इतकं गोड असतं, सोबत कुणाला तरी ने. दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर पुढचं डॉक्टर सांगतील. धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन नाव नोंदवल्याबरोबर आणि दुसरं चार आठवड्यांनी.

सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारणंही गुन्हा आहे आणि सांगणंही. हा कायदा १९९४ चा. घरातल्या मोठ्यांपैकी कुणी दवाखान्यात "काही कळलं का हो" असं सुरू करणारं असेल, तर त्यांना आधीच घरी बसवून सांग.

पहिले तीन महिने: फोडणीचा प्रश्न

उलट्यांवर सगळे उपाय सांगतात, उलटी कशाने होते ते कुणी बघत नाही. माझ्या घरी ती सकाळी पावणेआठच्या फोडणीने व्हायची. तेल तापलं, मोहरी तडतडली, लसूण पडला की मी मोरीकडे पळायचे. आठ दिवस मी स्वतःलाच नाजूक म्हणून शिव्या घातल्या. मग नवऱ्याने साधी गोष्ट केली. डब्याची भाजी रात्रीच फोडणीला टाकून फ्रिजमध्ये ठेवायला लागला, सकाळी नुसती गरम करायची. वास निम्म्याने कमी, उलट्याही निम्म्याने.

तुझ्याकडे तो वास उकळत्या दुधाचा असेल, कुकरच्या वाफेचा असेल, सुक्या बोंबलाचा असेल, नाहीतर नवऱ्याच्या डिओड्रंटचाही असेल. तीन दिवस नुसतं लक्ष दे आणि तो एक वास घरातून हलव.

बाकीचं असं. रात्री उशाशी डब्यात कुरमुरे, भाजलेले चणे किंवा खारी बिस्किटं ठेव. सकाळी डोळे उघडले की आधी चार घास, मग दहा मिनिटं पडून राहायचं, मग उठायचं. रिकाम्या पोटी चहा नको. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि गच्च भरायचंही नाही, दर दोन तासांनी थोडं थोडं. कोकमाचं सार, आल्याचा तुकडा मिठाबरोबर, लिंबाच्या लोणच्याची फोड, गार ताक, यातलं काहीतरी नक्की लागू पडतं. जेवताना तांब्याभर पाणी पिऊ नको, मधल्या वेळेत घोट घोट पी. या दिवसांत पोळी-भाजी गेली नाही आणि आठवडाभर दहीभातच गेला तरी बाळाचं काही बिघडत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवायची नाही, बाळाचा मेंदू आणि मणका याच आठवड्यांत घडतो.

पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, आठ-आठ तास लघवी होत नसेल किंवा अगदी गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर त्याला "डोहाळे कडक आहेत" म्हणत बसायचं नाही. सलाइन लावावी लागते. त्याच दिवशी जा.

गोळ्यांचं घड्याळ

लेखातलं बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एवढं जमव.

चौथ्या महिन्यापासून दोन गोळ्या सुरू होतात. लोहाची लाल गोळी, सरकारी असेल तर तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ती रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. दुसरी कॅल्शियमची, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. या दोघी जावाजावांसारख्या. दोघी चांगल्या, पण एका ओट्यावर नको. दोघींमध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं.

माझ्या घरात बसलेलं वेळापत्रक सांगते. कॅल्शियम सकाळी नऊच्या नाश्त्याबरोबर आणि दुपारी एकच्या जेवणाबरोबर, कारण ती खाण्यासोबत चांगली लागते. चहा चारला, दूध पाचला. रात्रीचं जेवण आठला. लोहाची गोळी दहाला, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला आत ओढतं आणि चहा बाहेर ढकलतो. म्हणून जेवणाला लागून चहा, मग तो नुसता "एक घोट" असला तरी, नऊ महिने बंद. रात्री घेतल्याने मळमळ झोपेत निघून जाते हा आणखी एक फायदा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब. अशा वेळी नाश्त्याची कॅल्शियम संध्याकाळच्या खाण्याबरोबर टाक आणि डॉक्टरांकडून एकदा पक्कं करून घे.

शौचाला काळी होईल, घाबरू नको. बद्धकोष्ठ होईल, त्यावर पाणी, पेरू, शेपू-माठाची भाजी, रात्री भिजवलेले काळे मनुके. तरीही त्रास झाला तर गोळी बदलून माग, मनाने बंद करू नको. बायका इथेच गळतात. "गोळीने गरम पडतं" म्हणून अख्खी पट्टी कपाटाच्या खणात पडून राहते आणि आठव्या महिन्यात रक्त चढवायची वेळ येते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका.

गोळ्यांची जबाबदारी नवऱ्याची. त्याच्या मोबाइलमध्ये गजर, तुझ्या नव्हे. तुझ्यामागे अजून बरीच कामं आहेत.

दोन जिवांचं ताट

"दोन जिवांची आहेस, दुप्पट खा." हे ऐकलं की हसून मान डोलाव आणि सोडून दे. चौथ्या महिन्यापासून रोजची गरज साधारण ३५० उष्मांकांनी वाढते. म्हणजे किती? एक नाचणीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पेलाभर दूध. बस. आधीचं वजन बेताचं असेल तर नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढणं ठीक.

नाचणीचं नाव मुद्दाम घेतलं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. दूध बघूनच मळमळतंय त्या बाईला हा मोठा आधार आहे. आंबील कर, भाकरी कर, सत्त्वाची खीर कर. उसळीवर लिंबू पिळायचंच. शेवग्याचा पाला, माठ, अंबाडी, तिळाची चटणी, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू हे सगळं आपल्या घरात आहेच. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली की थोडं लोह कढईतूनही उतरतं, फक्त शिजल्यावर लगेच काढून ठेव. खात असशील तर रोज एक अंडं, पूर्ण उकडलेलं. किनाऱ्याकडच्या बायकांनी बांगडा-तारली खुशाल खावी, मोरी (शार्क मासा) आणि फार मोठी सुरमई टाळावी, मोठ्या माशांत पारा साठतो.

पपईवरून घराघरात वाद. कच्च्या पपईचा चीक टाळायचा, म्हणून कच्ची किंवा अर्धवट पिकलेली नको. पूर्ण पिकलेल्या फोडीने काही होत नाही. पण सासूबाई त्यावरून हट्ट धरून बसल्या असतील तर पपई सोड. बाजारात पेरू आहेत. भांडण राखून ठेवायचं ते गोळीच्या वेळेसाठी. केशराने बाळ गोरं होतं हेही तसंच. रंग आईबापाकडून येतो, डबीतून नाही. दुधात दोन काड्या टाकून कुणाला आनंद होत असेल तर होऊ दे.

कच्चं दूध, गाड्यावरच्या पाणीपुरीचं पाणी, उघड्यावर चिरून ठेवलेली फळं, न धुतलेली कोथिंबीर मात्र खरोखर नको.

ओटा, न्हाणीघर आणि सिलिंडर

घरकाम बंद करायची गरज नसते, कामाची पद्धत बदलावी लागते. गर्भारपण निरोगी असेल तर रोज अर्धा तास चालणं आणि हलकी कामं चांगलीच. पण "खाली बसून लादी पुसलीस की नॉर्मल होईल" असं म्हणत अख्ख्या घराची लादी सुनेच्या गळ्यात घालणं हा लबाड सल्ला आहे. लादी पुसल्याने कुणी नॉर्मल बाळंतपणाची हमी देऊ शकत नाही. तुला बरं वाटत असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर पूस. नसेल तर लांब दांड्याचा मॉप शंभर-दोनशे रुपयांचा येतो.

ओट्याशी उभं राहताना खाली एक पाट ठेव, एक पाय त्यावर. दर पाच-दहा मिनिटांनी पाय बदल. कंबर एवढ्यानेच निम्मी हलकी होते. भाजी निवडणं, लसूण सोलणं, कणीक मळणं खुर्चीवर बसून. रोज लागणारे डबे खालच्या फडताळातून कमरेच्या उंचीवर आण आणि वरच्या फळीवरचे खाली उतरव. स्टुलावर चढायचं नाही, हे पाचव्या महिन्यानंतर तर मुळीच नाही. पोट पुढे आलं की तोल बदलतो, आणि ते आपल्याला पडल्यावरच कळतं.

उचलण्याचं सांगते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, मिळून तीस किलोच्या घरात. तो सरकवायचाही नाही. पाण्याने भरलेली मोठी बादली वीस किलोची, अर्धीच भरायची. हंडा-कळशीचं पाणी लागतं अशा घरात पहिल्या दिवशीच बैठक घालून ठरवा, पाणी कोण भरणार. हे गृहीत धरू नका. "मी भरतो" म्हणणारा दीर आठ दिवसांत क्रिकेटला जातो आणि हंडा पुन्हा हिच्या कमरेवर येतो. नाव घालून ठरवा.

न्हाणीघर हा घरातला खरा धोका. साबणाचा थर आठवड्यातून दोनदा घासून काढायचा, आणि ते तू नाही करायचं. आत रबरी मॅट, भिंतीला धरायला एक दांडा, रात्री बाहेर छोटा दिवा. शेवटच्या महिन्यांत रात्री तीन-चारदा उठावं लागतं, अर्धवट झोपेत.

उठताना थेट पोटावर जोर देऊन उठू नको. कुशीवर वळ, हात टेकव, पाय खाली सोड, मग ऊठ. २८ आठवड्यांनंतर कुशीवरच झोप, डावी असली तर उत्तम, आणि गुडघ्यांमध्ये उशी. मध्यरात्री पोटरीत गोळा आला तर पावलाची बोटं स्वतःकडे ओढ, पाय ताठ कर. शेजारी झोपलेल्याला उठव आणि त्याला ओढायला लाव. जळजळ होत असेल तर जेवण आणि झोप यात दोन तास आणि उशाशी एक उशी जास्त.

घरातला धूर आणि मिश्री

मिश्री लावणाऱ्या बायका आपल्याकडे अजून आहेत, तरुणही आहेत, आणि दवाखान्यात कुणी सांगत नाही. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटीन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळाकडे. बाळाचं वजन कमी भरतं. एकदम सुटत नसेल तर लाज न धरता नर्सबाईंना सांग. घरात विडी-सिगारेट ओढणारे अंगणात जातील, गॅलरीत नव्हे, कारण गॅलरीचा धूर घरातच येतो. चूल असेल तर तिच्यापुढची पाळी दुसऱ्याकडे. झुरळांची फवारणी, घराचा रंग हे बाळंतपणापर्यंत पुढे ढकला किंवा त्या दोन-तीन दिवसांत तू घराबाहेर राहा. डोकं दुखलं म्हणून औषधाच्या डब्यातली कुठलीही वेदनाशामक गोळी घेऊ नको, विचारूनच.

बोलायचं कुणी

सासरी नवीन असताना सगळं स्वतः बोलून घ्यायला गेलीस तर उद्धट ठरशील आणि गप्प राहिलीस तर थकशील. यावर माझा एकच तोडगा. दवाखान्यातलं आईला नवऱ्याने सांगायचं. "आई, डॉक्टर म्हणाले जेवण आठला हवं" हे त्याच्या तोंडून गेलं की घरात नियम होतो. तेच तुझ्या तोंडून गेलं की तक्रार होते. हे बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही, पण दिवस थोडे असतात आणि भांडायची ताकदही. त्याहून सोपं म्हणजे एका तपासणीला सासूबाईंनाच सोबत ने. माझ्या सासूबाईंनी दुधाचं नर्सबाईंच्या तोंडून ऐकलं आणि घरी येऊन मलाच दम दिला, "दुधाबरोबर गोळी घ्यायची नसते, कळत नाही का?" मी म्हटलं, "नाही हो आई, आता कळलं."

ग्रहणात सुरी न धरणं, हलायचं नाही, खायचं नाही यांना आधार नाही. पण दोन-तीन तास उपाशी-तहानलेलं बसवत असतील तर तेवढं ठामपणे नाही म्हण. पाणी प्यायचंच.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल, रक्तस्राव नसेल, तर नवरा-बायकोचे संबंध ठेवायला हरकत नसते. हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारत कुणी नाही. आणि रडू येणं, चिडचिड होणं एक-दोन दिवसांचं असेल तर चालतंच. पण दोन आठवडे सलग काहीच नको वाटत असेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे.

कागद

आशाताई किंवा अंगणवाडी ताईंकडे पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदव, खाजगी दवाखाना असला तरी. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, लसी आणि वजनं त्यात चढतात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र असशील तर पहिल्या बाळाला ३००० आणि २००० असे दोन हप्ते, दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. लग्नानंतर नाव बदललेलं, आधारवर माहेरचं, पासबुकावर सासरचं, इथे सगळे अर्ज अडकतात. तिसऱ्या महिन्यातच नावं जुळवून घे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, जेवण आणि ने-आण मोफत. नोकरी करत असशील आणि गेल्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस भरले असतील, तर दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. अर्ज लेखी दे आणि पोच घे.

डोहाळजेवण

पाचव्यात चोरओटी गुपचूप होते, सातव्यात मोठा थाट. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी, झोपाळा. खूप छान दिसतं आणि बाई बसून बसून दमते. दोन तासांत उरकायचं असं आधीच सांगून ठेव. खुर्चीला पाठ असावी, पायाखाली पाट असावा, पंगत वाढायच्या आधी तू जेवलेली असावीस. ओटी भरायला प्रत्येक बाईसमोर वाकायचं नाही, एकदाच सगळ्यांना नमस्कार. झाकलेल्या वाट्यांमधून पेढा की बर्फी उचलायचा खेळ मला स्वतःला आवडत नाही. वाटी उघडल्यावर एखाद्या मावशीचा पडलेला चेहरा मी बघितलाय. आम्ही जावेच्या वेळी दोन्ही वाट्यांत पुरणपोळीचा तुकडा ठेवला होता.

माहेरी जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी. साताऱ्याहून लातूरला मी रात्रीच्या एसटीने गेले, भावाने दोन सीट घेतल्या, पिशवीत दशम्या, लोणचं, सगळं होतं. राहिली ती फाइल, सासरच्या कपाटावर. माहेरच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, सोनोग्राफीसकट. पैसे गेले, आणि आधीच्या महिन्यांचं काहीच हाताशी नाही म्हणून आठ दिवस जीव टांगणीला लागला तो वेगळा. म्हणून: निघण्याआधी फाइलमधल्या प्रत्येक कागदाचा फोटो, नवऱ्याच्या आणि तुझ्या दोघांच्या मोबाइलमध्ये. फाइल सामानात नाही, मांडीवरच्या पिशवीत.

३२ आठवड्यांच्या आत गेलेलं बरं, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना दोन-तीन वेळा तुला बघता येतं. प्रवास दिवसाचा, मधल्या किंवा पुढच्या सीटवर, शेवटच्या बाकावर नको. दर दोन तासांनी उतरून चाल. माहेरी पोचल्यावर गोळ्यांचं घड्याळ आईच्या हातात दे. नाहीतर तिथेही दूध-केशर तयारच असतं.

शेवटचे आठवडे

बाळाची हालचाल पहिल्या खेपेला साधारण १८ ते २० आठवड्यांत कळू लागते. २८ नंतर रोज एकाच वेळी, जेवल्यावर, कुशीवर पडून मोज. दोन तासांत दहा हालचाली हव्यात. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर "झोपलं असेल" म्हणून सकाळची वाट बघायची नाही. तसंच रक्त जाणं, पाणी जाणं, थांबत नाही असं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, तोंडावर-हातावर सूज, ताप, रक्तदाब १४०/९० किंवा वर. यातल्या कशालाही घरगुती उपाय नाही.

३६ आठवडे भरले की पिशवी भर. वरच्या खणात फाइल, कार्ड, दोघांची आधारकार्डं, थोडी रोख. खाली तुझे तीन पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, चपला, चार्जर. बाळाला झबली, टोपरं, मोजे, लंगोट आणि जुन्या सुती साडीची सहा-सात दुपटी. साड्या पेटीतल्या असतील तर एक गोष्ट बघ: डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय का? तो वास नवजात बाळाला बाधू शकतो, काही बाळांत रक्तपेशी फुटून कावीळ वाढते. दोनदा धुवून कडक उन्हात वाळव, तरी वास राहिला तर ती साडी नकोच.

दोन गोष्टी बाळंतपणाआधीच घरात ठरवून टाका, कारण नंतर तू पलंगावर असशील आणि निर्णय दुसरे घेतील. एक, पहिलं चिकाचं दूध टाकायचं नाही, तासाभरात बाळाला पाजायचं. मध, गुटी, पाणी काही चाटवायचं नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. दोन, शेक-शेगडी बंद खोलीत नाही. कोळशाचा वायू दिसत नाही आणि वासही येत नाही. खिडकी उघडी हवी.

कळा आधी लांब लांब येतात आणि चाललं-वळलं की विरतात, त्या खोट्या. खऱ्या कळा विरत नाहीत, जवळ येतात. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. पाणी गेलं तर कळ असो नसो, लगेच. किती वाजता गेलं आणि रंग कसा होता ते लक्षात ठेव, हिरवट असेल तर वाटेतूनच फोन कर.

फ्रिजवर एक कागद चिकटव. त्यावर १०८, १०२, दवाखान्याचा नंबर, रात्री दोनला उठेल अशा एका रिक्षावाल्याचा आणि रक्तगट. नंबर मोठ्या अक्षरात. आमच्याकडे तो कागद सासऱ्यांनी लिहिला होता, आणि गरज पडली तेव्हा त्यांनाच चष्मा सापडला नाही.